अथेन्समधील न जन्मलेली बाळे : गर्भवतीच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या सेवेचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास

१/
२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. किरणोत्सारी कण वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले आणि मे महिन्याच्या आरंभी त्यांची बातमी ग्रीसमध्ये पोहोचली. दूध प्यावे की नाही, पालेभाजी खावी की नाही, याविषयी परस्परविरोधी वार्ता कानी येऊ लागल्या. ज्या स्त्रियांना नुकतेच दिवस गेले होते, त्यांच्या मनात मात्र एकच प्रश्न होता : पोटातल्या बाळाचे काय होईल?

२/
या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर देणारे त्या वेळी कोणी नव्हते. प्रसूतितज्ज्ञही गोंधळलेले होते. काहींनी सावधगिरी म्हणून गर्भपाताचा सल्ला दिला, तर काहींना घाबरलेल्या जोडप्यांचा आग्रह मोडवला नाही. वैद्यकीय वर्तुळातील गैरसमज काही आठवड्यांत दूर झाले, पण तोवर उशीर झाला होता. जानेवारी १९८७ मध्ये, म्हणजे बरोबर नऊ महिन्यांच्या हिशेबाने, ग्रीसमधील जन्मांची संख्या अपेक्षेपेक्षा एकाएकी घसरली.

३/
अथेन्सचे साथरोगतज्ज्ञ दिमित्रिओस त्रिकोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार त्या काळातील सुमारे २३ टक्के नवी गर्भारपणे संपवण्यात आली होती. एरवी हव्याशा असलेल्या अशा गर्भांची संख्या सुमारे २,५०० होती. ग्रीसमधील व्यक्तीला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मात्र फार तर १ मिलिसिव्हर्ट होती.

४/
ही मात्रा किती लहान होती? जमीन, दगड, अन्न आणि आकाश यांतून जगातील प्रत्येक माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार आपसूकच मिळत असतो. गर्भात विकृती निर्माण होण्याची चिंता साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या आसपास सुरू होते. ग्रीसमधील त्या गर्भांपर्यंत घातक किरणोत्सार पोहोचलाच नव्हता. त्यांच्यापर्यंत भीती पोहोचली आणि तिनेच त्यांचा घास घेतला.

५/
गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींचा इतिहास सांगताना बहुधा विषारी औषधांची कथा सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी आहे. खोट्या दिलाशाने जशी बाळे अपंग झाली, तशीच खोट्या भीतीने बाळे जन्माआधीच गेली. या दोन्ही चुका एकाच तराजूत तोलायला वैद्यकशास्त्र कसे शिकले, याचा हा इतिहास आहे. त्यासाठी प्रथम ४५ वर्षे मागे, ऑस्ट्रेलियातील एका नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात जावे लागेल.

६/
गर्भवतीच्या वागण्याचा बाळावर परिणाम होतो, ही समजूत फार जुनी आहे. आपल्याकडे ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरी हाती धरू नये, असे आजही अनेक घरांत बजावले जाते. युरोपातही आईने काही भयंकर पाहिले तर त्याचा ठसा बाळाच्या शरीरावर उमटतो, असे शतकानुशतके मानले जाई. आधुनिक वैद्यकाने या समजुती मोडीत काढल्या. मात्र त्याबरोबर दुसऱ्या टोकाचा एक विश्वास रुजला : गर्भाशय हा अभेद्य किल्ला असून वार त्याचा राखणदार आहे.

७/
या विश्वासाला पहिला मोठा तडा १९४१ मध्ये गेला. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे असामान्य संख्येने येऊ लागली होती. प्रतीक्षाकक्षात बसलेल्या आया आपसांत बोलत असताना, गरोदरपणी आपल्याला जर्मन गोवर झाला होता असे त्या एकमेकींना सांगत होत्या. ते बोलणे ग्रेग यांच्या कानी पडले, असे सांगितले जाते.

८/
ग्रेग यांनी सहकाऱ्यांकडूनही माहिती मिळवून ७८ बाळांची नोंद केली. त्यांपैकी बहुसंख्य बाळांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभी जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, झालेला होता. हा निष्कर्ष सर्वांनी लगेच मान्य केला नाही. इतका किरकोळ ताप आणि इतका मोठा परिणाम, हे अनेकांना पटेना. पुढे तो निर्विवाद ठरला. हा संबंध सर्वप्रथम मातांच्या बोलण्यातून पुढे आला होता, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

९/
याच सुमारास अमेरिकेतील सिनसिनाटी येथे जोसेफ वारकानी हे बालरोगतज्ज्ञ उंदरांच्या माद्यांना विशिष्ट जीवनसत्त्वाविना वाढवून त्यांच्या पिलांत सांगाड्याच्या विकृती निर्माण होतात, हे दाखवीत होते. विषाणू आणि आहार हे दोन्ही गर्भापर्यंत पोहोचू शकतात, हे आता स्पष्ट झाले होते. तरीही औषधांच्या बाबतीत दवाखान्यांत जुनाच विश्वास टिकून राहिला. त्याची किंमत १९५७ नंतर चुकवावी लागली.

१०/
१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीतील ग्रुनेनथाल कंपनीने ‘कॉन्टरगान’ नावाची झोपेची गोळी बाजारात आणली. तिच्यातील औषध होते थॅलिडोमाइड. ते इतके निर्धोक असल्याचा प्रचार झाला की जर्मनीत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळे. डोहाळ्यांतील मळमळीवर आणि निद्रानाशावर गर्भवती स्त्रियाही ते घेऊ लागल्या. वेगवेगळ्या नावांनी ते अनेक देशांत विकले गेले.

११/
काही वर्षांतच जर्मन प्रसूतिगृहांत एक अतिदुर्मीळ विकृती वारंवार दिसू लागली. बाळांचे हात खांद्यालाच फुटल्यासारखे आखूड असत, कधी पायही तसेच, तर कधी कान नसत. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंट्स यांनी १९६१ मध्ये कारणाचा शोध सुरू केला. त्यांची पद्धत साधी होती. ते अशा बाळांच्या घरी जात आणि गरोदरपणात काय काय घेतले, हे मातांना पुनःपुन्हा विचारत.

१२/
झोपेची गोळी अनेकींना औषध वाटतच नसे, त्यामुळे पहिल्या भेटीत त्या तिचा उल्लेख करीत नसत. नेमके नाव घेऊन विचारल्यावर उत्तरे बदलली. १५ नोव्हेंबर १९६१ रोजी लेंट्स यांनी कंपनीला दूरध्वनी करून औषध मागे घेण्याची मागणी केली. तीन दिवसांनी ड्युसेलडॉर्फ येथील बालरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी आपला संशय मांडला. २६ नोव्हेंबरला वृत्तपत्राने बातमी छापली आणि लगोलग कॉन्टरगान बाजारातून काढून घेण्यात आले.

१३/
ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या प्रसूतितज्ज्ञाने स्वतंत्रपणे हाच संशय व्यक्त केला. डिसेंबर १९६१ मध्ये त्यांचे पत्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध प्रशासनातील अधिकारी स्त्रीने पुरेशा पुराव्याअभावी परवानगी रोखून धरल्याने तेथे हे औषध अधिकृतपणे विक्रीस आलेच नाही. जगभरात मात्र सुमारे दहा हजार बाळे थॅलिडोमाइडने बाधित झाली.

१४/
लेंट्स यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट उजेडात आली. शेवटच्या मासिक पाळीपासून साधारण ३४ ते ५० दिवस, एवढाच या औषधाच्या घाताचा काळ होता. त्यातही कोणत्या दिवशी गोळी घेतली यावर कान बाधित होणार, हात की पाय, हे ठरे. या काळाबाहेर तीच गोळी घेतलेल्या स्त्रीचे बाळ सुखरूप जन्मे. ‘हे औषध घातक आहे का?’ हा प्रश्न त्यामुळे अपुरा ठरला. कोणते औषध, किती मात्रेत आणि कितव्या आठवड्यात, असे विचारणे भाग पडले.

१५/
थॅलिडोमाइडनंतर कायदे कडक झाले. अमेरिकेने १९६२ मध्ये औषधांची परिणामकारकता सिद्ध करणे बंधनकारक केले. ब्रिटनने १९६४ मध्ये दुष्परिणाम कळवण्यासाठी ‘यलो कार्ड’ योजना सुरू केली. पण या धड्याची एक दुसरी बाजूही होती. गर्भवतींना औषधचाचण्यांतून वगळणे हा अलिखित नियम बनला. १९७७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तर मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनाही सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याची सूचना केली. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली.

१६/
परिणामी औषधांच्या खोक्यांवर एकच वाक्य जागोजाग उमटले : गर्भारपणात सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. हे वाक्य कंपनीचे रक्षण करीत होते. गर्भवतीला मात्र त्यातून काहीच कळत नव्हते. दिवस गेले म्हणून अपस्मार, दमा, क्षय किंवा नैराश्य रजा घेत नाही. शिवाय अनेक स्त्रियांना गर्भ राहिल्याचे उशिरा कळते आणि तोवर औषध पोटात गेलेले असते. अशा स्त्रीला ‘घेऊ नका’ या सल्ल्याचा काय उपयोग?

१७/
या पोकळीत भीती कशी वाढते, हे बेंडेक्टिन प्रकरणाने दाखवले. १९५६ पासून अमेरिकेत विकली जाणारी ही ओकाऱ्यांवरील गोळी सुमारे ३.३ कोटी गर्भारपणांत वापरली गेली होती. जन्मदोषांचे खटले दाखल होऊ लागल्यावर, शास्त्रीय पुरावा तिच्या बाजूने असूनही, कंपनीने १९८३ मध्ये ती मागे घेतली. त्यानंतर जन्मदोषांचे प्रमाण घटले नाही. तीव्र ओकाऱ्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हाव्या लागणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढले.

१८/
या प्रकरणात इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. थॅलिडोमाइडचा धोका ओळखणारे मॅकब्राइड आता या गोळीविरुद्ध साक्ष देत होते. पुढे तिच्या जातीच्या औषधावरील त्यांच्या प्राणिप्रयोगांत आकडे बदलल्याचे सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. ती त्यांना १९९८ मध्ये परत मिळाली. एकदा खरा ठरलेला संशय पुढच्या वेळी पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. कॅनडात ती गोळी कधीच बंद झाली नव्हती. अमेरिकेत तेच संयुग २०१३ मध्ये नव्या नावाने परतले.

१९/
दिलासा आणि भीती यांच्यामध्ये उभे राहून उत्तर देणाऱ्या संस्था याच दशकांत जन्मल्या. पॅरिसमध्ये १९७५ साली गर्भविकृतिकारक घटकांविषयीचे संदर्भकेंद्र सुरू झाले. १९७९ मध्ये सॅन डिएगो येथे केनेथ लायन्स जोन्स यांनी कॅलिफोर्नियातील दूरध्वनी सेवा उभारली. मद्यामुळे गर्भावर होणाऱ्या परिणामांचे वर्णन १९७३ मध्ये डेव्हिड स्मिथ यांच्यासह करणारे डॉक्टर हेच. १९८५ मध्ये टोरोंटोतील बालरुग्णालयात गिडियन कोरेन यांनी ‘मदरिस्क’ सुरू केले.

२०/
१९८७ मध्ये उत्तर अमेरिकेतील अशा सेवांची संघटना झाली, तर १९९० मध्ये युरोपातील सेवांचे जाळे विणले गेले. जपान, ब्राझील आणि इतरत्रही अशी केंद्रे निघाली. कोणतीही गर्भवती, बाळंतीण किंवा तिचा डॉक्टर तेथे दूरध्वनी करून विचारू शकत असे : ही गोळी घेतली आहे, हा क्ष-किरण काढला आहे, कारखान्यात या द्रावकाशी संबंध येतो आहे. आता काय?

२१/
समुपदेशक आधी स्वतःच प्रश्न विचारीत. काय घेतले, किती, किती दिवस, कशासाठी, शेवटची पाळी कधी आली, घराण्यात कोणता आजार आहे, आधीची बाळंतपणे कशी झाली. मग एक मूलभूत आकडा सांगितला जाई : कोणत्याही औषधाविना, सर्व काळजी घेऊनही, शंभरांतील साधारण तीन बाळांना जन्मतः मोठा शारीरिक दोष असतो. विचारलेल्या वस्तूमुळे हा आकडा वाढतो का, वाढत असेल तर किती, हे त्यानंतर समजावले जाई.

२२/
हा आकडा किती मोलाचा होता, हे कोरेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. गर्भविकृती न करणारी औषधे घेतलेल्या स्त्रियांना त्यांनी विचारले : तुमच्या बाळाला मोठा दोष असण्याची शक्यता किती वाटते? त्यांचे सरासरी उत्तर होते २४ टक्के. प्रत्यक्षातील शक्यता इतर कोणत्याही गर्भवतीइतकीच होती. समुपदेशनानंतर त्यांचा अंदाज बराच खाली आला. अथेन्समध्ये १९८६ च्या मे महिन्यात नेमके हेच संभाषण घडले नव्हते.

२३/
या सेवांचे खरे ऐतिहासिक योगदान दूरध्वनी ठेवल्यानंतर सुरू होई. बाळंतपणाची तारीख उलटली की केंद्रातून परत दूरध्वनी जाई आणि विचारले जाई : बाळ कसे आहे? यात एक बारकावा दडलेला आहे. डॉक्टर सहसा बाळात दोष आढळल्यावरच पत्र लिहितात, सुखरूप बाळाची बातमी कोणी कळवीत नाही. केवळ अशा पत्रांवर विसंबले तर प्रत्येक औषध घातक दिसू लागते. येथे मात्र स्त्रीचे नाव निकाल लागण्याआधीच नोंदलेले असे.

२४/
लिथियमचे उदाहरण घ्यावे. तीव्र मनोविकारावरील या औषधासाठी १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये बाळांची नोंदवही सुरू झाली. दोष असलेल्या बाळांचीच नोंद अधिक प्रमाणात होत गेल्याने, एब्स्टाइन नावाच्या विरळ हृदयदोषाचा धोका शेकडो पटींनी वाढतो असे मानले गेले. अनेकींनी औषध सोडले आणि आजार उलटण्याचा धोका पत्करला. १९९२ मध्ये कॅनडा व अमेरिकेतील माहितीकेंद्रांनी विचारणा केलेल्या १४८ स्त्रियांचा मागोवा प्रसिद्ध केला. मोठ्या दोषांचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या जवळपास होते.

२५/
म्हणजे धोका शून्य होता का? तसे नव्हे. पुढील मोठ्या अभ्यासांत हृदयदोषांचा धोका थोडा वाढतो आणि मात्रेबरोबर तो चढतो, असे दिसले. शेकडो पटींचा आकडा मात्र कोसळला. ‘घातक’ आणि ‘निर्धोक’ या दोनच शब्दांत विचार करणाऱ्या वैद्यकाला ‘किती’ हा तिसरा शब्द येथे मिळाला. स्त्रीला आपल्या आजाराचा धोका आणि औषधाचा धोका शेजारी शेजारी ठेवून निर्णय घेता येऊ लागला.

२६/
उत्तर नेहमी दिलासादायक असे नाही. १९८२ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात एलिझाबेथ रोबेर यांना जन्मदोषांच्या नोंदवहीत एक साखळी दिसली. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांच्या अनेक माता अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट घेत होत्या. पुढे हे औषध शंभरांतील सुमारे दहा बाळांत शारीरिक दोष निर्माण करते आणि शंभरांतील तीस ते चाळीस बाळांच्या बौद्धिक वाढीस बाधा आणू शकते, हे प्रस्थापित झाले.

२७/
तरीही अनेक दशके ही माहिती कित्येक स्त्रियांपर्यंत पोहोचली नाही. फ्रान्समध्ये त्यावरून मोठे सार्वजनिक प्रकरण उभे राहिले. ब्रिटनमध्ये २०२० च्या अधिकृत चौकशी अहवालाने मातांचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, हे स्पष्ट शब्दांत नमूद केले. थॅलिडोमाइडच्या वेळी माहिती नव्हती, अथेन्समध्ये ती वेळेवर आली नाही, तर व्हॅल्प्रोएटबाबत ती असूनही दडून राहिली. अचानक औषध थांबवणेही अपस्माराच्या रुग्णाला जीवघेणे ठरू शकते. म्हणूनच गर्भ राहण्याआधी माहिती मिळणे येथे सर्वांत महत्त्वाचे होते.

२८/
बाळंतपणानंतर हाच प्रश्न दुधाच्या रूपाने परत येतो. १९५५ ते १९५९ या काळात आग्नेय तुर्कस्तानातील लोकांनी बुरशीनाशक लावलेला पेरणीचा गहू टंचाईपोटी दळून खाल्ला. त्यातील हेक्साक्लोरोबेंझिन मातांच्या दुधात उतरले. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या त्वचेवर गुलाबी चट्टे उठत. लोक या रोगाला ‘पेम्बे यारा’, म्हणजे गुलाबी जखम, म्हणू लागले. काही खेड्यांत दोन वर्षांखालील जवळजवळ एकही मूल उरले नाही.

२९/
अशा घटनांमुळे कोणतेही औषध सुरू करताना ‘अंगावर पाजणे बंद करा’ असे सांगण्याची सवय डॉक्टरांना लागली. प्रत्यक्षात बहुतेक औषधे दुधात अत्यल्प उतरतात. आईच्या मात्रेच्या, वजनाच्या प्रमाणात, दहा टक्क्यांहून कमी भाग बाळाला मिळत असेल तर तो सामान्यतः स्वीकारार्ह मानला जातो, अर्थात औषधपरत्वे अपवाद असतात. २००६ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘लॅक्टमेड’ हा विनामूल्य माहितीसंग्रह खुला केला. त्यात औषधागणिक दुधातील प्रमाण आणि पर्यायी औषधे नोंदलेली आहेत.

३०/
या इतिहासातील सर्वांत वेदनादायक अध्याय टोरोंटोत घडला. मदरिस्कच्याच नावाखाली एक प्रयोगशाळाही चालत होती. पालकांच्या केसांची तपासणी करून त्यांनी अमली पदार्थ वा मद्य घेतले आहे का, हे ती सांगे आणि बालसंरक्षण खटल्यांत तिचे अहवाल पुरावा म्हणून वापरले जात. डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सुसान लँग यांच्या चौकशीने २००५ ते २०१५ या काळातील या तपासण्या अशा वापरासाठी अपुऱ्या आणि अविश्वसनीय ठरवल्या.

३१/
त्यानंतरच्या आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निकालावर ठोस परिणाम झाला होता. कित्येक मुले आईवडिलांपासून कायमची दुरावली होती आणि अहवालाने चूक मान्य केली तरी ती बहुतेकांना परत मिळण्यासारखी नव्हती. २०१९ मध्ये मदरिस्कची सल्लासेवाही बंद झाली. सल्ला देणारी खिडकी आणि पुरावा गोळा करणारी प्रयोगशाळा वेगळ्या होत्या, पण नाव एकच होते. त्या नावावरचा विश्वास गेला.

३२/
गर्भवती स्त्री खरे तेव्हाच सांगते, जेव्हा आपले बोलणे आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाही याची तिला खात्री असते. दारूचे दोन पेले, शेजारणीकडून घेतलेली गोळी, चिठ्ठीविना चालू ठेवलेले औषध : हे सारे लपवले गेले तर सल्ला चुकतो आणि पुढच्या स्त्रीसाठी गोळा होणारी नोंदही खोटी ठरते. हा विश्वास गमावणे म्हणजे ज्ञानाचा झराच आटवणे होय, हे टोरोंटोने दाखवून दिले.

३३/
जुने धोके संपलेले नाहीत. कुष्ठरोगातील वेदनादायक प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड गुणकारी असल्याचे १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन यांना आढळले आणि औषध परत आले. १९९६ मध्ये संशोधकांनी दक्षिण अमेरिकेत १९६५ नंतर जन्मलेल्या ३४ थॅलिडोमाइडबाधित बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बहुतेक बाळे कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागांतील होती. गोळी तेथे पोहोचली होती, तिच्याविषयीची माहिती पोहोचली नव्हती.

३४/
आणि हा प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशीही येऊन गेला आहे. कोविडच्या पहिल्या लसचाचण्यांत गर्भवतींचा समावेश नव्हता. भारतात स्तनदा मातांना मे २०२१ मध्ये आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी लसीची मुभा मिळाली. दुसऱ्या लाटेचा कहर तोवर होऊन गेला होता. त्याच काळात मुंबईतील परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही चालवली गेली. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झालेल्या बाधित गर्भवतींची आणि त्यांच्या बाळांची नोंद तीत होत होती.

३५/
ग्रेग यांच्या प्रतीक्षाकक्षातील आया, लेंट्स यांना दार उघडणाऱ्या माता, सॅन डिएगो वा टोरोंटोला दूरध्वनी करणाऱ्या गर्भवती आणि परळच्या नोंदवहीतील स्त्रिया यांना जोडणारा धागा एकच आहे. प्रयोगशाळेत जे ज्ञान मिळवता येत नव्हते, ते या स्त्रियांनी आपल्या गर्भारपणाची हकीकत सांगून मिळवून दिले. त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर नाहीत.

३६/
आज एखादी गर्भवती विचारते, ‘दिवस गेल्याचे कळण्याआधी ही गोळी घेतली होती, आता काय?’ तिला मिळणाऱ्या उत्तरातील प्रत्येक आकड्यामागे, कोणे एके काळी हाच प्रश्न विचारलेली आणि बाळंतपणानंतर आलेला दूरध्वनी उचलून ‘बाळ कसे आहे’ हे खरे खरे सांगितलेली कोणी तरी अनोळखी आई उभी असते. ग्रीसमधील सुमारे २,५०० जोडप्यांच्या वेळी ते उत्तर द्यायला कोणी नव्हते.

(समाप्त)